उघड्या टपाच्या जुन्या जिप्सीचं स्टिअरिंग सैल झालंय? प्ले नेमका कुठे आहे, ते असं शोधा

धोपाव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या लोखंडी फळीवर पुढची चाकं चढली की स्टिअरिंगमधून हाताला एक ‘टक्’ लागायचं. इतर वेळी काही नाही, म्हणून मी सोडून दिलं. मग सड्यावरच्या सरळ रस्त्याला पन्नासच्या वेगात गाडी एका रेषेत राहीना. सारखं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहायचं, आणि स्टिअरिंग तीन बोटं फिरलं तरी चाकं जागची हलायची नाहीत. गाडी 1997 ची जिप्सी किंग, कॅनव्हासच्या टपाची, आणि तिचा सगळा जन्म गुहागर तालुक्यात गेलेला.

हे दुखणं पुरतं काढायला मला दोन पावसाळे लागले. मधल्या काळात एका गॅरेजमध्ये पाच मिनिटांत स्टिअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं खालच्या दांड्यांकडे देणाऱ्या पेटीचा, स्क्रू आवळून मिळाला. गाडी एकदम घट्ट वाटायला लागली आणि मी खूश झालो. आठच दिवसांनी कुंभार्ली घाटात एका वळणावर स्टिअरिंग वळवलं, हात सैल सोडले, आणि ते परत आलंच नाही. दोन्ही हातांनी ओढून सरळ करावं लागलं. समोरून ट्रक येत होता. ती घटना मी विसरलेलो नाही, आणि हा लेख लिहायला बसण्याचं कारणही तीच आहे.

सैलपणा बहुतेक वेळा एका जागी नसतो. स्टिअरिंगच्या चाकापासून रस्त्यावरच्या टायरपर्यंत दहा-बारा सांधे असतात, आणि प्रत्येकात थोडा थोडा प्ले, म्हणजे मोकळा खेळ, साठत जातो. तो शोधायचा तर वरून खाली, क्रमाने, एकही सांधा न गाळता. आणि बॉक्सच्या स्क्रूला हात लावायचा तो सगळं झाल्यावर, अगदी शेवटी.

खाली जे लिहिलंय ते जिप्सी धरून लिहिलंय, कारण 1985 साली आलेली ही गाडी आपल्या किनाऱ्यावर अजून बरीच दिसते. पण उघडी महिंद्रा जीप असली तरी मांडणी तीच: चेसिसवर बॉक्स, खाली ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा), सलग एक्सल आणि स्प्रिंगचे पाटे. फरक बॉक्सच्या आतल्या रचनेत आणि मापांत आहे, आणि ती मापं ज्याच्या त्याच्या मॅन्युअलमधूनच घ्यायची.

आधी दुखणं नीट सांगता आलं पाहिजे

‘स्टिअरिंग खराब आहे’ एवढं सांगितलं की मेकॅनिक अंदाजाने काम करतो. म्हणून गाडी एकदा मुद्दाम चालवून बघा. रस्ता सपाट हवा. आपल्याकडच्या बऱ्याच रस्त्यांना पावसाचं पाणी जावं म्हणून दोन्ही बाजूंना उतार असतो, आणि चांगली गाडीसुद्धा त्या उताराने डावीकडे ओढते. सड्यावर वारा असेल तर तोही उभ्या अंगाच्या गाडीला ढकलतो. सकाळी वारा पडलेला असताना जा.

स्टिअरिंग फिरतंय पण चाकं फिरत नाहीत, हा झाला प्ले. स्टिअरिंग स्थिर धरलंय तरी गाडी तरंगल्यासारखी इकडेतिकडे जाते, हे वेगळं. त्यात टायर, पाट्यांचे बुश (सांध्यातली अस्तरं) आणि टो (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते) यांच्यावर संशय घ्यायचा. गाडी कायम एकाच बाजूला खेचते आणि ब्रेक मारल्यावर जास्त खेचते, तर आधी ब्रेक तपासा. आणि खड्डा लागल्यावर पन्नास-साठच्या वेगात स्टिअरिंग स्वतःहून जोरात थरथरायला लागलं, तर तो वॉबल. त्या वेळी घाबरून स्टिअरिंग वळवू नका, घट्ट धरून वेग उतरवा. वॉबलला टायरचं बॅलन्सिंग निमित्त ठरतं, पण मूळ बहुतेक वेळा सैल किंगपिन (ज्यावर पुढचं चाक डावं-उजवं वळतं तो खिळा) किंवा झिजलेल्या सांध्यात असतं. अनेक जण नुसता स्टिअरिंग डँपर बदलतात. थरथर काही महिने दबते, झीज तशीच चालू राहते.

उघड्या गाडीत आणखी एक घोळ होतो. वर पत्र्याचं छप्पर नसल्याने बॉडी थोडी पिळते, काचेची चौकट हलते, आरसा थरथरतो, आणि डोळ्यांना वाटतं गाडीच सैल आहे. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हातांवर ठेवा.

टायर आणि हवा

हे काम दहा मिनिटांचं, पण गाळायचं नाही. जिप्सी हलकी गाडी आहे, तिला पुढे विशी-पंचविशीतली हवा लागते. पंपावरचा मुलगा सवयीने पस्तीस भरतो. मग टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो आणि गाडी दगडावरून चालल्यासारखी उडते, भटकते. सकाळी टायर थंड असताना, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे हवा भरा आणि परत चालवून बघा.

टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. 2316 असेल तर तो टायर 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. सुट्टीपुरती बाहेर निघणाऱ्या गाड्यांचे टायर दिसायला नवे आणि आतून कडक झालेले असतात. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर स्टिअरिंगचा दोष काढण्याआधी टायरचा विचार करा. चिखलाचे जाड गोट्यांचे, मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर डांबरी रस्त्यावर थोडा ढिलेपणा जाणवणारच. तो कुठलाही नट आवळून जाणार नाही.

प्ले मोजा, आकडा लिहून ठेवा

गाडी सपाट जागी, चाकं सरळ, इंजिन बंद. किल्ली फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडा. पॉवर स्टिअरिंग बसवलेलं असेल तर मात्र इंजिन चालू ठेवून मोजायचं. स्टिअरिंगच्या कडेवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, शेजारी पट्टी धरा. एका बोटाने स्टिअरिंग डावीकडे न्या, जरा अडखळलं की थांबा, खूण करा, मग उजवीकडे. दोन खुणांमधलं कडेवरचं अंतर म्हणजे तुमचा प्ले. जिप्सीच्या जातीच्या गाडीला 10 ते 30 मिलिमीटर चालतो. माझ्याकडे 70 भरला होता.

आता एक छोटा हिशोब, कारण तो कळला की पुढचं सगळं काम समजतं. बॉक्सचा रेशो 16 ला 1 धरा (स्टिअरिंग 16 अंश फिरलं की पिटमन आर्म 1 अंश), पिटमन आर्म, म्हणजे बॉक्सखालचा ड्रॅग लिंक ढकलणारा हात, 15 सेंटीमीटरचा, स्टिअरिंगची त्रिज्या 19 सेंटीमीटर. खाली ड्रॅग लिंकच्या बॉलमध्ये फक्त 1 मिलिमीटर खेळ असेल, तर वर स्टिअरिंगच्या कडेवर तो जवळजवळ 20 मिलिमीटर होऊन येतो. म्हणजे खाली डोळ्याला धड दिसतही नाही एवढी झीज वर बोटभर होते. ‘सगळं बघितलं, कुठे काही हलत नाही’ असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. ते मिलिमीटर बघत नसतात, एवढंच.

एक जण वर, एक जण खाली

याला दोन माणसं लागतात आणि चाकं जमिनीवरच हवीत. गाडी उचलून हे केलं तर सांध्यांवर भार येत नाही आणि अर्धे दोष लपतात. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ओंडके लावा. जिप्सी उंच असल्यामुळे न उचलता खाली सरकता येतं. जुनी गोणी अंथरा आणि टॉर्च घ्या. आदल्या दिवशी खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन वाळवलेला असेल तर फार बरं, कारण चिखलाच्या थराखाली हालचाल दिसत नाही.

माझ्या गाडीत वर पुतण्या बसला होता. पहिल्यांदा त्याने जोरात गरागरा फिरवलं.

“काका, एवढं पुरे?”

“अरे, तेवढं नको. चाक वळायला लागलं की थांब. नुसतं डावं-उजवं, तीन बोटं. आणि मी सांगेपर्यंत चालू ठेव.”

एवढंच फिरवायचं, संथ आणि सारखं. खाली तुम्ही प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजू बघायच्या. अलीकडचा भाग हलला आणि पलीकडचा उशिराने हलला, तर प्ले तिथे आहे. डोळ्यांपेक्षा बोटं जास्त सांगतात: सांध्यावर असं बोट ठेवा की अर्धं एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल. अर्ध्या मिलिमीटरची ‘टिक’ बोटाला लगेच कळते. बोट सांध्याच्या फटीत जाऊ देऊ नका, आणि वर बसलेल्याने न सांगता स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं नाही, हे आधी ठरवून घ्या.

सुरुवात कॉलमपासून. स्टिअरिंग वर-खाली, पुढे-मागे हलवून बघा. पूर्ण कॉलम हलला तर वरचा बुश किंवा डॅशबोर्डखालचे बोल्ट. कॉलम जिथे फ्लोअरमधून खाली उतरतो ती जागा आपल्याकडे मुद्दाम बघायची. कॅनव्हासचा टप कितीही नीट लावला तरी जून-जुलैत पाणी आत येतंच, मॅट भिजून राहते आणि तिथला पत्रा कुजतो. मॅट उचला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा.

त्याखाली युनिव्हर्सल जॉइंट आणि रबराचं कपलिंग. रबरावर तेल गळत असेल तर ते फुगून मऊ पडतं, आणि जुनं झालं की बोल्टच्या भोकांजवळ फाटतं. शाफ्टला आतून दाते असतात आणि त्यावर आवळणारा बोल्ट. हा बोल्ट सैल असेल तर गाडी तिथेच उभी करायची, चालवायची नाही. दाते घसरले तर स्टिअरिंग हातात राहतं आणि चाकं मोकळी होतात.

मग बॉक्स. आत जाणारा शाफ्ट फिरतो आणि पिटमन आर्म उशिरा हलतो, तर प्ले बॉक्सच्या आत आहे. पिटमन आर्म वर-खाली हलत असेल तर बॉक्सच्या बुशची झीज. त्याला वरचा स्क्रू उपाय नाही. पिटमनचा मोठा नट बघा. आणि आता सगळ्यात जास्त गाळली जाणारी गोष्ट: बॉक्सच चेसिसवर हलतोय का? बॉक्स आणि चेसिस यांच्या सांध्यावर बोट ठेवा. बोल्टच्या डोक्याभोवती तांबूस भुकटी दिसली तर ती साधा गंज समजू नका. दोन लोखंडं एकमेकांवर घासली की ती निघते, म्हणजे बोल्ट सैल आहे. बोल्टच्या बाजूने चेसिसला केसासारखी चीर गेली आहे का, हेही बघा. चीर असेल तर त्या दिवशी तपासणी तिथेच थांबवा. चांगल्या वेल्डरकडून पट्टी बसवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

ड्रॅग लिंक आणि टाय रॉड

आपल्या हवेत पहिला बळी इथे जातो. मिठाचा एक गुणधर्म आहे: हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून स्वतः ओलं होतं. किनाऱ्यावर वर्षातल्या बऱ्याच रात्री हवा तेवढी दमट असते. म्हणजे पाऊस नसला, गाडी शेडमध्ये उभी असली, तरी खाली चिकटलेलं मीठ ओलंच असतं आणि गंज चालूच राहतो. पुळणीवर गाडी घालणाऱ्यांच्या बाबतीत त्यात वाळूही आली.

बॉल जॉइंटचं रबर, म्हणजे बूट, फाटलं की खेळ संपला. माझ्या ड्रॅग लिंकच्या चाकाकडच्या टोकाचा बूट वरून अगदी शाबूत दिसत होता. बोटाने मागच्या बाजूने चाचपला तेव्हा पाव इंचाची फट लागली. दाबलं तर आतून ग्रीसऐवजी तांबडट-काळी पेस्ट आली; अंगठा आणि बोटामध्ये चोळली तर कचकच वाळू. वर पुतण्या स्टिअरिंग हलवत होता, आणि मी बघत होतो: आधी रॉड पाव मिलिमीटर वर उचलला जायचा, मग बॉल आपल्या वाटीत बाजूला सरकायचा, आणि त्यानंतर कुठे चाकाचा आर्म हलायचा. तीन वेगळ्या हालचाली, सगळ्या मिळून एका सेकंदात. फेरीबोटीवरचं ‘टक्’ तेच होतं.

बदलायचे असतील तर आदल्या रात्रीच नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. स्प्लिट पिन काढा, नट थोडा सैल करून धाग्यांवर राहू द्या आणि पुलरने जॉइंट सोडवा. पुलर नसेल तर ज्या डोळ्यात जॉइंट बसलाय त्याच्या बाजूला, समोरासमोर दोन हातोड्यांनी एकदम ठोका. बोल्टच्या धाग्यावर कधीही ठोकू नका. जुना एन्ड, म्हणजे दांड्याच्या टोकाचा बॉल जॉइंट, फिरवून काढताना किती आटे फिरला ते मोजा आणि नवा तेवढेच आटे चढवा. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, तिथे जोर लावून बसू नका. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळल्यावर पिनचं भोक जुळलं नाही, तर नट आणखी पुढे आवळून जुळवायचं, मागे सोडून कधीच नाही. पिन दर वेळी नवी. जुनी सरळ करून परत घालणं ही सवय गॅरेजमध्ये पुष्कळ दिसते. तिथे आग्रह धरा, पिन काही रुपयांची असते.

चार एन्डांपैकी एक गेला असेल तर चारही बदला, असं माझं मत आहे. सगळ्यांनी तेच मीठ आणि तीच वाळू खाल्लेली असते.

आता गाडी उचला

जॅक लावण्याआधी जमीन बघा. आपल्या तांबड्या मातीत जॅक खचतो. खाली जाड फळी घाला. आणि हात जोडून एक सांगणं: गाडीला चिऱ्यांचा आधार देऊ नका. जांभ्याचा चिरा वरून भक्कम दिसतो, पण आत पोकळ्या असतात, आणि एका बिंदूवर भार आला की तो काही न सांगता फुटतो. लोखंडी स्टँड आणा, एक्सलखाली लावा, गाडी हलवून बघा, मगच खाली हात घाला.

चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. कट्कट् लागलं तर दोन शक्यता: चाकाची बेअरिंग किंवा किंगपिन. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. बारा-सहाला काही नव्हतं आणि इथे आहे, तर तो स्टिअरिंगच्या सांध्यांचा.

जिप्सीच्या किंगपिनला वर-खाली बेअरिंग असतात आणि त्यांचा ताण पातळ शिमने, म्हणजे पत्र्याच्या चकत्यांनी, जुळवतात. शिम कमी केली की ताण वाढतो. ताण बरोबर आहे का हे अंदाजाने ठरवू नका. टाय रॉड सोडून, स्प्रिंग बॅलन्स अडकवून, चाकाचा नकल (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग) हलवायला किती किलो लागतात ते मोजायचं आणि मॅन्युअलशी ताडायचं. हा साधा स्प्रिंगचा काटा मासळीबाजारात वजनाला वापरतात तसाच असतो. नकलच्या गोल भागाभोवतीचं सील गेलं असेल तर आत पाणी शिरतं आणि ग्रीस दुधाळ तपकिरी होतं. तसं दिसलं तर नुसती शिम काढून भागणार नाही. बेअरिंग काढून बघाव्याच लागतात. हे काम पहिल्यांदा जाणत्या माणसाशेजारी बसून करा.

पाटे, बुश आणि बॉडीचे रबर

या भागात मेकॅनिकसुद्धा फारसे शिरत नाहीत. ड्रॅग लिंक गाडीच्या आडवी जाते. पाट्यांचे आणि शॅकलचे (पाटा चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश झिजले की सगळा एक्सलच आडवा सरकतो. स्टिअरिंग वळवलं की आधी एक्सल बाजूला जातो आणि मग चाकं वळतात. उलट, खड्ड्यात एक्सल सरकला की स्टिअरिंग स्थिर असूनही चाकं थोडी वळतात. गाडी ‘तरंगते’ ती अशी. तपासायचं तेच दोन माणसांच्या पद्धतीने: एकाने स्टिअरिंग हलवायचं, दुसऱ्याने पाट्याचा डोळा आणि त्याचा हँगर यांच्यामध्ये बोट ठेवायचं. यू-बोल्टही बघा, पाट्यांवर चकचकीत घासल्याच्या खुणा म्हणजे एक्सल सरकतोय.

दुसरी गोष्ट उघड्या गाड्यांत विशेष. कॉलम बॉडीला बांधलेला असतो आणि बॉक्स चेसिसला. बॉडी आणि चेसिस यांच्या मध्ये रबराचे माउंट असतात. ते रबर चिरडले, किंवा फ्लोअरखालचे बोल्ट गंजून तुटले, की वळणावर बॉडी चेसिसवर झुकते, कॉलम तिच्याबरोबर जातो आणि बॉक्स जागेवर राहतो. ड्रायव्हरला वाटतं स्टिअरिंगमध्ये प्ले आहे. टप उतरवा, रोलबारला धरून बॉडी आडवी हलवा आणि खाली माउंटकडे बघा. माझ्या गाडीत डावीकडचा पुढचा माउंट नुसता नावाला होता. बोल्टचं डोकं वर आणि शेपूट खाली, मधला भाग गंजून गेलेला.

साध्या कारचं छप्पर कापून उघडी केलेली गाडी असेल तर हे दुखणं कितीतरी मोठं असतं, कारण त्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, छप्परच ताकद देत असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली असा बदल चालतही नाही. अशा गाडीचं स्टिअरिंग कितीही नीट केलं तरी बॉडी पिळत राहणार.

बॉक्सचा स्क्रू, शेवटी

वरचं सगळं दुरुस्त झालं, परत मोजलं, आणि शाफ्ट व पिटमन यांच्यात अजून खेळ आहे, तरच इकडे या. आधी बॉक्समध्ये तेल आहे का बघा. साध्या बॉक्सला 90 नंबरचं गिअर ऑइल लागतं, आणि कित्येक बॉक्स कोरडे सापडतात. सील गळत असेल तर आधी सील.

बॉक्स मुद्दाम असा बनवलेला असतो की चाकं सरळ असताना तो सर्वांत घट्ट बसतो आणि बाजूंना थोडा मोकळा होतो. आयुष्यभर गाडी जास्त करून सरळच चालते, म्हणून झीज मधोमध होते. मधली झीज भरून काढायला स्क्रू जास्त आवळला की मधोमध ठीक वाटतं, पण मध्याच्या आजूबाजूला, जिथे झीज झालेली नाही, तिथे दाते अडकतात. कुंभार्लीत माझं स्टिअरिंग परत आलं नाही ते यामुळे.

पुढची चाकं स्टँडवर उचललेली ठेवा, स्टिअरिंग अगदी मधोमध. लॉकनट सैल करा, स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त नाही, लॉकनट परत आवळा. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन बोटांनी सावकाश फिरवा. कुठेही जड लागलं तर मागे या. दोन वेळा असं करूनही प्ले जात नसेल तर बॉक्स उघडायला किंवा बदलायला झालाय. त्यापुढे स्क्रू फिरवू नका. आणि खाली उतरवल्यावर, मोकळ्या जागी सावकाश वळण घेऊन हात सैल सोडा. स्टिअरिंग आपणहून मध्याकडे यायला हवं.

टो आणि परत मोजणी

एन्ड बदलले की टो बदलतोच. जवळ अलाइनमेंटची सोय नसेल तर घरी कामचलाऊ मोजता येतो. गाडी थोडी पुढे ढकलून थांबवा, दोन्ही पुढच्या टायरच्या मधल्या रेषेवर, समोरच्या बाजूने, एक्सलच्या उंचीला खडूने खूण करा आणि अंतर मोजा. मग गाडी हळू पुढे ढकला, त्याच खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर येईपर्यंत, आणि परत मोजा. समोरचं अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी हवं. उलट आलं, तर गाडी नव्या सांध्यांनीही भटकेल. नंतर चिपळूण-रत्नागिरीला जाणं होईल तेव्हा मशीनवर करून घ्या.

माझ्या गाडीचे आकडे सांगतो. सुरुवातीला 70. एन्ड बदलल्यावर 38. बॉक्सचे सैल बोल्ट आवळल्यावर आणि बॉडीचे माउंट घातल्यावर 27. त्या गॅरेजने आवळलेला स्क्रू मी मागे सोडला तेव्हा 32 झाले, एक अष्टमांश पुढे घेतल्यावर 24. तिथे मी थांबलो. 10 पर्यंत नेण्याचा मोह झाला होता, पण घाटात स्टिअरिंग परत येणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

शंभर-दीडशे किलोमीटर चालवल्यावर परत एकदा गाडीखाली जा. यू-बोल्ट, पिटमनचा नट, बॉक्सचे बोल्ट यांना पाना लावून बघा, आणि प्रत्येक स्प्लिट पिन जागेवर आहे का ते बोटाने मोजा. फेरीबोटीतून किंवा पुळणीवरून आलात की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, पाणी बूटवर फार जोराने मारू नका. ग्रीस निपल असलेल्या जागांना पावसाआधी एकदा आणि दसऱ्याला एकदा ग्रीस मारा. जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मारायचा.